सात की साठ

पहिल्याच आठवड्यात मी पाचवीच्या वर्गात आकड्यांचं श्रुतलेखन घेतलं. कर्णबधिर मुलांच्या वर्गात श्रुतलेखन! आता मलाच हसू येतं, पण त्या दिवशीच्या टाचणवहीत माझ्याच अक्षरात तसं लिहिलेलं आहे. अकरा मुलं, अर्धगोलात मांडलेली बाकं, आणि मधोमध उभी राहून मी ओठ ठळक हलवत एकेक आकडा बोलत होते. "पाच." सगळ्यांनी ५ लिहिले. "दहा." बरोबर. "सात." पाच जणांनी ७ लिहिले, सहा जणांनी ६०.

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, जरा जास्त तोंड उघडून. ज्यांनी ७ लिहिले होते त्यांतल्या दोघांनी ते खोडून ६० केले.

दुपारी स्टाफरूममध्ये मी जाहीर केलं की मुलं फारच कच्ची आहेत. समोर शिवणाचे सर डब्याला झाकण लावत होते. ते स्वतः जन्मापासून कर्णबधिर, याच शाळेत शिकलेले आणि आता इथेच शिवणकाम शिकवणारे. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय कळलं कोण जाणे. उठून गेले, शिवणाच्या खोलीतला हातआरसा घेऊन आले, तो माझ्या हातात दिला आणि पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, "सात बोला. साठ बोला."

बोलले. आरशात बघून दोन्ही शब्द चार-चार वेळा बोलले. ओठ, दात, जबडा, कशातच काडीचा फरक नाही. त म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ठ म्हणताना वर टाळूकडे वळते, पण हे सगळं तोंडाच्या आत. बाहेर बसलेल्या मुलाने काय बघायचं? प, ब, म यांचंही तसंच, तिन्हींना ओठ मिटलेले. क, ग तर घशाशी होतात, म्हणजे ओठांवर जवळजवळ काहीच नाही. मी आयुष्यभर ज्या भाषेत गणित शिकवलं, तिचा निम्मा भाग या मुलांसाठी पडद्याआड घडत होता.

साध्या हायस्कुलात सहा वर्षं गणित शिकवून मी या शाळेत आले होते. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, निवासी शाळा, उसाच्या आणि बांधकामाच्या कामावर जाणाऱ्यांची मुलं जास्त. बीएड होतं, विशेष शिक्षणाची पदविका नंतर केली. कर्णबधिर म्हणजे सगळं शांत, हा माझा पहिला गैरसमज. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांनी ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा, अशी वर्गवारी आहे. वर्गात मात्र असे दोन सुबक गट नसतात. कुणाला श्रवणयंत्र लावून स्वर कळतात पण स, श, फ निसटतात. कुणाचा मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, सैल झालेला असतो आणि यंत्र शिट्टी मारतं. यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. ते माझ्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकवल्याचा आवाजही तेवढ्याच इमानाने वाढवतं.

मुलांची नावं इथे देत नाही. तशीही वर्गात ती कुणी उच्चारत नसे. तिथे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, आणि ते मुलंच ठेवतात. डोक्यावर दोन भोवरे असलेला मुलगा 'भोवरा', लांब वेणीची मुलगी 'वेणी', हनुवटीवर तीळ असलेला 'तीळ'. मला पंधरवड्यात नाव मिळालं. उजवा तळवा डाव्या खांद्यावर पुसायचा, की झाल्या गणिताच्या बाई. खडूचा हात पदराला पुसायची माझी सवय त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हती.

आरशाच्या प्रसंगानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. कान नाही तर डोळे, मग दाखवूया. भिंतभर तक्ते लावले. हातच्याचा तक्ता, अपूर्णांकांचा तक्ता, रंगीत शतकपट, घड्याळ. खुणांची भाषा सुट्टीत मुलांकडूनच शिकत होते, तीही तोडकीमोडकी वापरायला लागले. वर्ग बघायला येणारे पाहुणे म्हणत, वा, किती दृश्य साधनं! आणि मुलं ३४७ + २८५ मध्ये हातचा विसरतच होती.

एका तासाला शिवणाचे सर मागे येऊन बसले. तास संपल्यावर त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर अर्धगोलात अकरा छोटी वर्तुळं आणि प्रत्येकातून निघालेले बाण. हे वर्गाचं चित्र होतं, कोण कुठे बघत होतं याचं. मी फळ्यावर लिहीत होते तेव्हाचे बाण फळ्याकडे. मी वळून हातांनी समजावत होते तेव्हाचेही बाण बहुतेक फळ्याकडेच, कारण मुलं अजून तिथला आकडा उतरवून घेत होती. मुलांनी माझ्याकडे पाहिलं तोवर मी पुन्हा फळ्याकडे तोंड केलेलं. खाली एकच ओळ होती, "बाई, डोळे एक जोडी."

ऐकणाऱ्या मुलाचा हात वहीत, डोळे फळ्यावर आणि कान बाईंकडे असतो. तिन्ही कामं एकदम चालतात. आमच्या मुलाला ही तिन्ही कामं एकाच डोळ्यांच्या जोडीने, एकामागून एक करावी लागतात. मी तक्ता दाखवत दाखवत खुणा करत होते, म्हणजे एकाच वेळी दोन माणसांनी बोलावं तसं चाललं होतं. वर्गात दाखवणं भरपूर होतं, बघायला उसंत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला शिवणाच्या तासाला बसवलं. त्यांनी टेबलावर कापड पसरलं, खडूने एक रेघ मारली आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. मुलं रेघ बघत होती. एकेकाची मान वर आली. शेवटची मान वर आल्यावर सरांनी हात उचलले, एकच गोष्ट सांगितली, "इथून दीड इंच आत." हात पुन्हा मांडीवर. मुलांनी खाली पाहिलं, टेप लावली. सर थांबले होते. मी घड्याळात बघत होते, कारण तेवढ्या वेळात मी तीन उदाहरणं उरकली असती.

ही थांबायची सवय लावून घ्यायला मला वर्ष लागलं. दाखवायचं, हात खाली, थांबायचं. डोळे वर आले की सांगायचं, हात खाली, थांबायचं. लक्ष वेधायला हाक मारता येत नाही. लाकडी जमीन असती तर पाय आपटून कंप पोचवता आला असता, पण आमची शहाबादी फरशी ढिम्म हलत नाही. म्हणून बाकावर थाप किंवा दिव्याची उघडझाप. एका तासात आठऐवजी तीन उदाहरणं व्हायला लागली आणि अभ्यासक्रम मागे पडतोय म्हणून मला बोलणीही खावी लागली. माझ्या मते ती बोलणी चुकीची नव्हती, अभ्यासक्रम खरंच मागे पडला होता. पण आठ उदाहरणं फळ्यावर होत होती तेव्हा डोक्यात एकही उतरत नव्हतं, हे दाखवायला माझ्याकडे बाणांचा तो कागद होता. तो मी अजून जपून ठेवलाय.

मधे शाळेला मोठा टीव्ही मिळाला. मी हौसेने जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर त्रिकोण केला. शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज मात्र १८० च राहते. उन्हामुळे पडदा दिसेना म्हणून खिडक्या लावल्या, दिवे घालवले. त्रिकोण झकास दिसायला लागला, आणि माझे हात दिसेनासे झाले. अंधारात मीच मुकी. शेवटी 'तीळ' उठला आणि त्याने माझ्याच मोबाइलची बॅटरी माझ्या हातांवर धरली.

पाढ्यांचा प्रश्न वेगळाच होता. बे एके बे, बे दुणे चार हे आपण गणित म्हणून पाठ करत नाही, चालीवर पाठ करतो. मला आजही सात नवे विचारलं तर आधी चाल आठवते, मग त्रेसष्ट. ज्याने ती चाल कधी ऐकलीच नाही त्याला "बे त्रिक" आणि "बे सक" हे नुसते विचित्र शब्द आहेत, तेही ओठांवर धड न दिसणारे. आमच्या शाळेत एके काळी पाढे रोज 'म्हणून' घेत. आवाज निघायचा, आकडे राहायचे नाहीत. मी ते बंद केलं आणि चौकटींच्या कागदावर आयत रंगवायला दिले. ३ ओळी, ४ रकाने, १२ घरं. कागद आडवा फिरवला की ४ ओळी, ३ रकाने, घरं तितकीच. नऊच्या पाढ्याची बोटांची युक्तीही करून पाहिली. चौथं बोट दुमडायचं, त्याच्या अलीकडे ३, पलीकडे ६, म्हणजे ३६. ऐकणाऱ्या मुलांना ती फार आवडते. आमच्यांना आधी खटकली, कारण दुमडलेल्या बोटांचा हात त्यांना वाचताच येतो, आणि तो भलताच काहीतरी सांगत असतो.

छत्तीसवरून आठवलं. वाक्प्रचार या मुलांना शिकवताना घाम फुटतो, पण 'छत्तीसचा आकडा' मी फळ्यावर ३६ लिहिताच कळला. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत, हे त्यांनीच मला दाखवलं. 'वेणी'ने मग ६३ लिहून दोघांची गट्टी करून दिली.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असं आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, तिथे लहान मुलं अडखळतात. लोकांनी विनोद केले, नाटकी आवाजात 'पन्नास दोन' म्हणून दाखवलं. मी आमच्या वर्गातल्या वह्या बघत होते. ज्यांना यंत्र लावून थोडंफार ऐकू येत होतं ती मुलं 'तेवीस' ऐकून कधीकधी ३२ लिहीत, कारण 'ते' आधी पोचायचं. खुणांवर वाढलेली मुलं मात्र आधी दोन दाखवत, मग तीन, आणि लिहितही तसंच, २३. त्यांचा हात आणि अंक एकाच दिशेने चालायचे. या एका बाबतीत ऐकू येणं हीच अडचण होती. नव्या पद्धतीने मराठीचं सौंदर्य गेलं असं म्हणणाऱ्यांचा मला राग नाही, मलाही त्रेसष्ट आवडतं. पण विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीतल्या मुलाची वही उघडून पाहिली होती?

आता शाब्दिक उदाहरणांकडे येते. आम्ही खऱ्या अर्थाने अडलो ते तिथेच. "राजूकडे ८ पेन्सिली होत्या. सीमाने राजूला ३ पेन्सिली दिल्या. आता राजूकडे किती पेन्सिली आहेत?" अकरापैकी नऊ जणांचं उत्तर ५. वजाबाकी अचूक, पण कशातून काय वजा केलं? त्यांनी वाक्यातले मोठे शब्द वाचले होते. राजू, ८, ३, दिल्या. दिल्या म्हणजे गेल्या. 'ने' आणि 'ला' त्यांच्या नजरेतून सुटले होते, आणि सगळं गणित त्या दोन अक्षरांत होतं.

सुटणारच. बोलण्यात प्रत्ययावर जोर नसतो, यंत्रातून तो धड येत नाही, ओठांवर टिकत नाही. खुणांच्या भाषेत प्रत्यय नाहीत, तिथे त्यांचं काम जागा करते. सीमा उजवीकडे, राजू डावीकडे असं एकदा ठरवलं की 'देणे'ची खूण उजवीकडून डावीकडे जाते, झालं. कुणी कुणाला दिलं हे हाताच्या वाटेवरच दिसतं. भाषा त्यांच्याजवळ होती आणि चोख होती. कागदावरची मराठी मात्र त्यांची दुसरी भाषा होती, आणि मी ती पहिली धरून चालले होते.

मग मी दोन मुलांना भिंतींशी उभं केलं, हातात खऱ्या पेन्सिली दिल्या. फळ्यावर एक वाक्य, हात खाली, थांबायचं. वाक्य वाचून त्यांनी पेन्सिली हलवायच्या. "राजूने सीमाला ३ दिल्या." "राजूला सीमाने ३ दिल्या." "सीमाला राजूने ३ दिल्या." पहिल्या दिवशी पेन्सिली कुठूनही कुठेही गेल्या. तिसऱ्या दिवशी 'वेणी' फळ्यापाशी आली, माझ्या हातातून खडू घेतला आणि 'ने'च्या खाली बाणाची शेपटी काढली, 'ला'च्या खाली टोक. शेपटीपासून टोकापर्यंत रेघ ओढली. नावं कुठल्याही क्रमाने येवोत, बाण खोटं बोलत नव्हता. वर्गाने हात वर करून हलवले, या मुलांच्या टाळ्या अशाच असतात.

दोन आठवडे आमच्या वह्या बाणांनी भरल्या. मग पुस्तकात वाक्य आलं, "राजूला ३ पेन्सिली परत कराव्या लागल्या." 'वेणी'ने टोक राजूकडे काढलं आणि उत्तर चुकलं. इथे 'ला' लावलेला राजूच देणारा होता. मी समजावलं, असं वाक्य असलं की 'ला' उलटा. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. तिने विचारलं, "कुणी केलं असं?" मराठीच्या वतीने माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही 'लागल्या', 'पाहिजे', 'आवडते' अशा शब्दांची एक लाल यादी केली. ती यादी गणिताच्या वहीत आहे, व्याकरणाच्या नाही.

शिवणाच्या सरांच्या चिठ्ठ्यांमध्येही प्रत्यय गळालेले असत. "बाई, उद्या कापड मुलं द्या." सुरुवातीला मला ते अशिक्षितपणाचं वाटलं होतं, हे मी इथे कबूल करून टाकते. त्याच माणसाने मला अपूर्णांक शिकवण्याचा रस्ता दाखवला. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. सुतार, गवंडी, सगळे हेच माप बोलतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. माझ्या तक्त्यावरच्या पिझ्झाच्या तुकड्यांनी जे झालं नाही ते टेपने झालं. पिझ्झा मुलांनी पाहिला नव्हता, टेप रोज हातात होती. २/८ आणि १/४ एकच का, यावर मी एक तास तयारी करून गेले होते. 'तीळ'ने टेपवर बोट ठेवलं आणि 'यात काय विचारायचं' असा चेहरा केला.

सातवीत गेल्यावर वर्गसंख्या आल्या. मी गावातल्या टपऱ्यांवरून बाटल्यांची बुचं गोळा केली होती, पिशवीभर. 'भोवरा' बुचांशी खेळत होता. एक बूच ठेवलं. त्याच्या उजवीकडे, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन लावली, २ बाय २ चा चौरस झाला. त्याला लगटून पुन्हा पाच, ३ बाय ३. मग सात. मी दुसऱ्या बाकापाशी होते. त्याने बाकावर इतक्या जोरात थाप मारली की सगळे वळले.

तो बुचांकडे बोट दाखवून थांबला, सगळ्यांनी बघेपर्यंत. मग १, ३, ५, ७ दाखवले. मग प्रत्येक वेळी लावलेल्या त्या दुमडलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि एक खूण केली, दोन्ही तळहात कडेला कडा लावून काटकोनात. ती खूण मला येत नव्हती. त्याने भिंतीच्या कोपऱ्याला हात लावून पुन्हा केली, मग फळ्यावर ते हत्यार काढून दाखवलं. गुण्या! त्याचे वडील गवंडी, सुट्टीत हा त्यांच्या हाताखाली जायचा. भिंत काटकोनात आहे का हे बघायचा लोखंडी गुण्या त्याच्या रोजच्या ओळखीचा. प्रत्येक चौरसाला एक गुण्या लावला की पुढचा चौरस, आणि प्रत्येक गुण्या आधीच्यापेक्षा दोन बुचांनी मोठा, दोन्ही हातांना एकेक बूच वाढतं म्हणून.

मला त्या क्षणी काही सुचलं नाही. प्राचीन ग्रीक लोक विषम संख्यांच्या याच आकाराला नोमोन म्हणत, आणि त्या शब्दाचा एक अर्थ सुताराचा गुण्या असाच आहे. पायथागोरसच्या परंपरेतली ही गोष्ट मी एमएस्सीला असताना वाचून विसरले होते. मी मुलांना पुढे विचारलं, पहिल्या बुचाला असे नऊ गुण्ये लावले तर एकूण किती बुचं? पिशवीत तेवढी नव्हती. 'भोवरा'ने हवेत मोठा चौरस काढला आणि १०० दाखवले.

पुढे एका प्रशिक्षणात तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा इंग्लंडमधला २००४ चा अभ्यास कळला. तीन-चार वर्षांच्या कर्णबधिर मुलांना वस्तू एकापाठोपाठ एक दाखवल्या तेव्हा त्यांची संख्या लक्षात ठेवण्यात ती ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने होती, आणि सगळ्या एकदम मांडून दाखवल्या तेव्हा त्यांच्यापेक्षा सरस. मला बुचं आठवली. आपण शाळेत मोजणी शिकवतो ती एक, दोन, तीन अशी ओळीने, कानाच्या सोयीने.

गणिती शब्दांना खुणा नव्हत्या, म्हणून आम्ही वर्गात करत गेलो. वर्गसंख्येला अर्थातच गुण्या दोनदा. समीकरणाला तराजू. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये पहिला शब्दकोश काढला, ३,००० शब्दांचा, आणि २०२१ पर्यंत तो १०,००० पर्यंत गेला. आम्ही त्याचे व्हिडिओ बघितले तेव्हा आमच्या काही खुणा जुळल्या नाहीत. मुलांनी नव्या शिकून घेतल्या, बाहेर गेल्यावर लागतील म्हणून. आपसात मात्र गुण्याच.

बीजगणितात मला वाटलं होतं क्ष घाबरवेल. क्षचं काहीच वाटलं नाही. बंद काडेपेटीत वाल भरून ती तराजूत ठेवली, दुसऱ्या पारड्यात सुटे वाल, दोन्हीकडून सारखे काढत गेलो, पेटीत किती ते कळलं. घोडं अडलं ते 'समजा'पाशी. "समजा, क्ष ही संख्या..." 'भोवरा' म्हणाला, "समजा का? बाईंना माहीत आहे. सांगत नाहीत." त्याचं म्हणणं रास्त होतं, वाल मीच भरले होते. मग पेटी मुलांनी भरायची, मी बाहेर उभी राहायचं, आणि मला खरंच माहीत नाही हे सगळ्यांना दिसू द्यायचं, असं केलं. 'समजा'ची खूण त्यानंतर आली.

दहावीबद्दल थोडक्यात सांगते. गणित भाग १ आणि भाग २, चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर. मुलांना जादा वेळ मिळतो आणि तो लागतोही, सगळा प्रश्न वाचण्यात. आकडेमोड सुटली, भूमितीच्या आकृत्या सुटल्या, चार-चार ओळींच्या शाब्दिक उदाहरणांपाशी पाटी कोरी राहिली. अकरापैकी आठ पास झाले. 'वेणी'ला दोन्ही पेपर मिळून ६१ पडले. ती लाल यादी घेऊन बसली असती तर आणखी उदाहरणं सुटली असती असं तिचं म्हणणं आहे, आणि माझंही.

शिवणाचे सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. हातआरसा मला देऊन गेले. नवीन शिक्षक आला की मी तो त्याच्या हातात देते.

परवा रविवारी सकाळी 'भोवरा'चा व्हिडिओ कॉल आला. तो आता वडिलांबरोबर फरशीची कामं घेतो. त्याने फोन विटांच्या थप्पीला टेकवून उभा केला, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. मागे नवीन खोली, ओल्या सिमेंटची. एका भिंतीवर सहा फुटांवर खूण होती, दुसऱ्या भिंतीवर आठ फुटांवर. त्याने कोपऱ्यापासून दोन्ही मापं दाखवली, मग तिरपी टेप धरून फोनच्या जवळ आणली. टेपवर दहा फूट आणि वर दोन सूत.

त्याने टेप तशीच धरून ठेवली आणि थांबला. मी चष्मा शोधला, लावला, आकडा वाचला आणि मान वर केली. तेव्हा कुठे त्याने टेप सोडली आणि हात उचलले.

"भिंत गुण्यात नाही. ठेकेदार म्हणतो माझी टेप चूक. तुम्ही सांगा त्याला, बोलून."